विक्रम वरच्या थराचा, प्रश्न खालच्या मातीचा

३ जून २०२२ रोजी सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्गावर डांबरी थर टाकण्यास सुरुवात झाली आणि ७ जूनला सायंकाळी ५ वाजता तो पूर्ण झाला. १०५ तास ३३ मिनिटांत एका पट्ट्याचा सलग ७५ किलोमीटर डांबरी रस्ता तयार झाला. त्यासाठी ३६,६३४ टन मिश्रण लागले, त्यात २,०७० टन डांबर होते, आणि ७२० माणसे रात्रंदिवस राबली. गिनीज बुकाने या कामाची नोंद घेतली. त्याआधीचा विक्रम कतारमधील दोहा येथे २०१९ साली झाला होता आणि तो सुमारे सव्वापंचवीस किलोमीटरचा होता.

ज्या रस्त्याचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रखडलेले पाहिले, त्या रस्त्यावर असा विक्रम झाला याचा वऱ्हाडातील माणसाला आनंद होणे साहजिक आहे. आम्हालाही झाला. त्यानंतर २०२४ साली केंद्रीय रस्ते मंत्रालयाने स्वयंचलित यंत्रांनी महामार्ग बांधण्याचे धोरण पुढे आणले. उपग्रहाच्या संकेतांवर चालणारा ग्रेडर, स्वतःच्या दाबाची नोंद ठेवणारा रोलर आणि दोरीशिवाय चालणारा पेव्हर ही त्यातील तीन प्रमुख यंत्रे. लखनौ-कानपूर द्रुतगती मार्गावर त्यांचा प्रयोगही झाला. या दोन्ही बातम्या एकत्र वाचल्या की मनात एक समज तयार होतो: काम वेगाने झाले आणि यंत्र उपग्रहाने चालवले, की रस्ता चांगला झालाच. हा समज तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मध्यंतरी अकोला जिल्ह्यातील काही शिक्षकांशी या विषयावर आमचे बोलणे झाले. एका सरांनी विचारले, "उपग्रहाला रस्त्यावरचा खड्डा दिसतो का हो?" प्रश्नावर हशा पिकला, पण प्रश्न नेमका होता. त्याचे उत्तर शोधत गेलो तर बरेच काही हाती लागते.

आधी थोडे गणित

वर दिलेले आकडे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना सहज वापरता येतील. बाजूच्या पक्क्या पट्ट्यांसह दुपदरी रस्ता साधारण १० मीटर रुंद असतो, म्हणून त्याची अर्धी रुंदी ५ मीटर धरू. दाबलेल्या डांबरी मिश्रणाची घनता दर घनमीटरला सुमारे २.४ टन असते. ३६,६३४ टनांना २.४ ने भागले की सुमारे १५,२६० घनमीटर आकारमान येते. त्याला ७५,००० मीटर लांबी आणि ५ मीटर रुंदीने भागले की जाडी निघते सुमारे ४ सेंटिमीटर. म्हणजे हा विक्रम रस्त्याच्या सर्वांत वरच्या, चार बोटांहूनही कमी जाडीच्या थराचा आहे.

आता दुसरे गणित. हा थर सर्वत्र १ मिलिमीटर जास्त जाड पडला तर किती मिश्रण अधिक लागेल? ७५,००० गुणिले ५ गुणिले ०.००१ म्हणजे ३७५ घनमीटर, अर्थात ९०० टन. वीस टनांचा एक हायवा धरला तर ४५ हायवा भरून माल. तो कमी पडला तर रस्त्याचे नुकसान, जास्त पडला तर पैशांचे. मिलिमीटरची किंमत अशी मोठी असल्यामुळेच अचूक यंत्रांची गरज खरोखरच आहे. आमचा आक्षेप यंत्रांना नाही, हे येथेच सांगून टाकतो.

वेगाबद्दलही न्याय करायला हवा. या कामात सरासरी तासाला सुमारे ३४७ टन मिश्रण टाकले गेले. वीस टनांच्या हिशेबाने साधारण दर साडेतीन मिनिटांनी एक हायवा रिकामा होत होता, तोही पाच दिवस आणि चार रात्री. पेव्हर थांबला की तेथे मिश्रण थंड होते आणि उंचवटा किंवा कच्चा सांधा राहतो. काम अखंड चालले तर असे सांधे कमी होतात. तेव्हा सलग काम करण्यात केवळ प्रदर्शन नाही, तांत्रिक फायदाही आहे. पण जे आकडे गाजले ते लांबीचे, वेळेचे, वजनाचे आणि माणसांचे. खालच्या भरावाची घनता किती, तेथील माती कोणती, या आकड्यांची कोणी मिरवणूक काढत नाही. रस्त्याचे आयुष्य मात्र त्यांवर ठरते.

उपग्रह काय सांगतो?

स्थाननिश्चितीच्या उपग्रहाला काहीही दिसत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचा उपग्रह फक्त दोन गोष्टी सांगत राहतो: मी आत्ता कोठे आहे आणि माझ्या घड्याळात किती वाजले. यंत्रावरचा ग्राहक किमान चार उपग्रहांचे संकेत ऐकतो, ते पोचायला लागलेल्या वेळावरून अंतरे काढतो आणि त्यांवरून स्वतःचे स्थान ठरवतो. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातो. त्यामुळे वेळ मोजण्यातील किंचित चूक आणि वातावरणामुळे संकेताला होणारा उशीर यांतून साध्या ग्राहकाच्या स्थानात काही मीटरची चूक राहते. मोबाइलवर रस्ता शोधायला ती चालते, रस्ता बांधायला चालत नाही.

म्हणून एक युक्ती करतात. स्थान आधीच ठाऊक असलेल्या एका जागी दुसरा ग्राहक ठेवतात. त्याला आपल्या स्थानात येणारी चूक कळते आणि ती तो रेडिओ किंवा मोबाइलच्या जाळ्यावरून यंत्राला सतत कळवत राहतो. शिवाय संकेताच्या सुमारे १९ सेंटिमीटर लांबीच्या तरंगाचा कितवा अंश आला आहे हेही मोजले जाते. या दोन्हींमुळे आडवी अचूकता साधारण १ सेंटिमीटरपर्यंत येते. भूमी अभिलेख विभागाचा भूकरमापक हल्ली शेताच्या बांधावर काठीवरचा रोव्हर घेऊन उभा असतो, तो याच तत्त्वावर काम करतो. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात अशा कायमस्वरूपी संदर्भ केंद्रांचे जाळेही उभारले आहे.

ग्रेडरच्या पात्याला असा ग्राहक जोडला, यंत्रातील संगणकात रस्त्याचा त्रिमितीय आराखडा भरला, की संगणक पात्याची जागा आणि आराखड्यातील जागा यांची सतत तुलना करतो आणि तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे पाते वर-खाली करतात. जपानी बनावटीचे असे बुलडोझर २०१३ पासून बाजारात आले आणि २०१६ पासून जपान सरकारने आपल्या बांधकामांत या पद्धतीचा धोरण म्हणून पुरस्कार केला. तेव्हा 'उपग्रह यंत्र चालवतो' हे वाक्य चूक आहे. उपग्रह वेळ सांगतो. यंत्राला चालवतो तो माणसाने तयार केलेला आराखडा. तो चुकला तर यंत्र ती चूक मोठ्या निष्ठेने जमिनीवर उतरवते.

उंचीचे दुखणे

या पद्धतीचे खरे दुखणे उंचीत आहे. पूर्व-पश्चिम किंवा उत्तर-दक्षिण दिशांना उपग्रह दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे चुका काहीशा एकमेकींना खोडतात. उंचीच्या बाबतीत सगळे उपग्रह वरच्याच बाजूला. खालच्या बाजूचे पृथ्वीच्या आड. परिणामी उंचीतील चूक आडव्या चुकीच्या दीडपट-दुप्पट असते. आडवे १ सेंटिमीटर, तर उभे दीड-दोन सेंटिमीटर.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. गवंडी दोन खांबांची पातळी जुळवायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतो. पाणी गुरुत्वाकर्षण मानते, म्हणून नळीने दाखवलेली पातळी ही पाणी जिकडेतिकडे स्थिर राहील अशी पातळी असते. उपग्रहाने मिळणारी उंची मात्र एका गणिती लंबगोलापासून मोजलेली असते आणि त्या लंबगोलाला गुरुत्वाकर्षण ठाऊक नसते. भारतात या दोन उंचींमध्ये मोठा फरक पडतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर समुद्राची पातळी त्या लंबगोलाच्या सुमारे १०० मीटर खाली आहे. वऱ्हाडात हा फरक साठ-सत्तर मीटरांचा येतो आणि तो सगळीकडे सारखाही नसतो, जागेनुसार थोडाथोडा बदलत जातो. रस्त्यावरचे पाणी कोणत्या बाजूला वाहील हे गवंड्याच्या नळीला कळते, कच्च्या उपग्रहीय उंचीला कळत नाही.

हा धडा वऱ्हाडाला नवा नाही. १८२० च्या दशकात जॉर्ज एव्हरेस्ट यांनी भारताच्या मधून जाणाऱ्या मोठ्या याम्योत्तर कमानीची मोजणी केली, तेव्हा ताऱ्यांच्या निरीक्षणाचे त्यांचे एक ठाणे वऱ्हाडात होते. त्यांच्या नोंदींत त्याचे नाव 'टाकल खेडा' असे आहे. उत्तरेकडील डोंगराळ पठाराच्या आकर्षणामुळे तेथे ओळंबा किंचित बाजूला ओढला जातो का, याचा हिशेब त्यांना करावा लागला. 'खाली' म्हणजे नेमके कोणीकडे, हा प्रश्न सातपुड्याच्या पायथ्याशी दोनशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता. आजचे यंत्र तो टाळू शकत नाही. म्हणून कामाच्या जागी समुद्रसपाटीपासूनची उंची ठाऊक असलेले खांब लागतातच आणि उपग्रहीय मोजणी त्यांच्याशी जुळवून घ्यावी लागते.

यातही वऱ्हाडी मेख आहे. काळ्या मातीत उथळ रोवलेला खांब पावसाळ्यात माती फुगली की उचलला जातो आणि उन्हाळ्यात खाली बसतो. ज्याच्या आधारे मिलिमीटर मोजायचे तोच डुलत असेल तर आकाशातील उपग्रहांनी काय करावे?

भरवशाचाही प्रश्न आहे. १० आणि ११ मे २०२४ रोजी मोठे सौरवादळ झाले, तेव्हा ऐन पेरणीत अमेरिकेतील अनेक शेतकऱ्यांच्या उपग्रहाधारित ट्रॅक्टरांची दिशा चुकू लागली आणि त्यांना पेरणी थांबवावी लागली. हुशार यंत्राजवळ दोरी आणि लेव्हल वापरता येणारा माणूस असावा लागतो, तो यासाठी.

कोणत्या थराला किती अचूकता?

आता रस्ते मंत्रालयाची मानके पाहू. मातीच्या सर्वांत वरच्या तयार थराला, म्हणजे ज्यावर रस्त्याचे पुढचे थर बसतात त्याला, ठरलेल्या पातळीपेक्षा २० मिलिमीटर वर किंवा २५ मिलिमीटर खाली एवढी सूट असते. यंत्राने टाकलेल्या गिट्टीच्या थरांना १० मिलिमीटरची आणि डांबरी थराला ६ मिलिमीटरची. यांच्याशेजारी उपग्रहाची १५ ते २० मिलिमीटरची चूक ठेवा, म्हणजे चित्र आपोआप स्पष्ट होते. मातीकामाला उपग्रह पुरेसा आहे. गिट्टीच्या थरांना तो अपुरा पडू लागतो. डांबराच्या थराला तो एकटा पुरत नाही.

म्हणूनच 'दोरीशिवाय चालणारा पेव्हर' म्हणजे उपग्रहावर चालणारा पेव्हर, असे समजू नये. त्याची उंची बहुधा रस्त्याकडेला उभ्या केलेल्या टोटल स्टेशनवरून मिलिमीटरमध्ये मिळते, किंवा उपग्रहाला लेझरची जोड द्यावी लागते, किंवा लांब तुळईवरचे ध्वनिसंवेदक खालच्या थराची सरासरी पातळी पाहतात. हे सांगायचे कारण असे की, जेथे उपग्रह सर्वांत कमी उपयोगी तेथेच त्याचे नाव सर्वांत जास्त घेतले जाते, कारण डांबराचा काळा चकचकीत थर छायाचित्रात दिसतो. जेथे तो खरोखर उपयोगी, ते मातीकाम, झाकले जाते.

काळ्या मातीचा न्याय

बडनेरा सोडले की लोणी, पुढे मूर्तिजापूर, मग बोरगाव मंजू आणि अकोला. हा सगळा मुलूख कपाशीच्या काळ्या मातीचा. एप्रिल-मे महिन्यांत येथे शेताला पडलेल्या भेगांत हात जातो आणि पावसाळ्यात तीच जमीन फुगून भेगा बुजतात. या मातीतील माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि पापुद्रे दूर सरतात. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात सोडियमचे प्रमाण अधिक, त्यामुळे फुगवण आणखी वाढते. अशा जमिनीवरचा रस्ता वरून फाटण्याआधी खालून हलतो. वरचा चार सेंटिमीटरचा थर कितीही समतल घातला, तरी खालची मीटरभर माती दर वर्षी वर-खाली झाली की त्याला भेगा पडणारच.

उपाय ठाऊक आहेत. फुगणारी माती काढून मुरूम भरणे, मातीत चुना मिसळणे, कडेचे पाणी लवकर वाहून नेणे आणि प्रत्येक थर योग्य ओलाव्यावर नीट दाबणे. या शेवटच्या कामात उपग्रहाधारित रोलर फार मोलाचा आहे. रोलर कोणत्या जागेवरून किती वेळा गेला हे कळायला उंची लागतच नाही. आडवी काही सेंटिमीटरची अचूकता भरपूर झाली. शिवाय त्याच्या लोखंडी ढोलावरील संवेदक जमिनीकडून परत येणारे हादरे मोजतो आणि जमीन किती घट्ट झाली याचा अंदाज देतो. ही कल्पना १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये विकसित झाली. एरवी मातीत लहान खड्डा खणून, त्यात वाळू भरून घनता काढतात आणि ही चाचणी ठराविक क्षेत्रफळामागे एखाद्या ठिकाणीच होते. हुशार रोलर सगळ्या जागेचा नकाशा देतो.

मात्र या नकाशावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. कोरडी काळी माती दगडासारखी टणक असते. तिच्यावरून गेलेल्या रोलरला जमीन उत्तम घट्ट वाटते आणि पडद्यावर हिरवा रंग उमटतो. तीच माती पहिल्या पावसात पाणी पिते, फुगते आणि मऊ पडते. रोलरला कडकपणा कळतो, ओलावा आणि मातीची जात कळत नाही. चुकीची माती अचूकपणे दाबली तरी ती चुकीचीच राहते. नकाशासोबत मातीची चाचणी नसेल तर तो हिरवा रंग केवळ सजावट ठरतो.

मागायचे काय?

आमच्या मते या यंत्रांचा सर्वांत मोठा लाभ वेग हा नव्हे, पुरावा हा आहे. झाकल्या गेलेल्या थराबद्दल आजवर कागदावरच्या सहीवर विश्वास ठेवावा लागे. आता प्रत्येक थराची पातळी, रोलरच्या फेऱ्या आणि त्या ठिकाणची वेळ यांची नोंद यंत्रात आपोआप होते. पण ही नोंद कंत्राटदाराच्या संगणकातच राहिली तर नागरिकाला तिचा काय उपयोग? सार्वजनिक पैशाने बांधलेल्या रस्त्याच्या प्रत्येक थराचा नकाशा, त्याखालील मातीच्या चाचण्या आणि आधाराच्या खांबांच्या उंची लोकांना पाहता आल्या पाहिजेत. पाच वर्षांनी एखाद्या ठिकाणी रस्ता खचला, तर तेथे खाली काय झाले होते हे शोधता आले पाहिजे. ७५ किलोमीटरच्या कामाची नोंद मिनिटाच्या हिशेबाने ठेवता येते, हे या विक्रमानेच सिद्ध केले आहे. तीच शिस्त खालच्या थरांना लावायची आहे.

ग्रेडर चालवणाऱ्या माणसाचाही विचार व्हावा. पात्याला माती कशी लागते यावरून ओलावा ओळखणारा जुना ऑपरेटर हे यंत्राला न मिळालेले संवेदक आहे. त्याला घरी पाठवण्याऐवजी पडदा वाचायला शिकवणे शहाणपणाचे होईल.

वर्गात करून पाहा

रस्ता बांधणाऱ्याला पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे विद्यार्थ्यांना एका सोप्या प्रयोगातून कळेल. शाळेजवळच्या शेतातील काळी माती आणून चांगली वाळवा, कुटा आणि बारीक चाळणीने चाळा. दोन १०० मिलिलिटरच्या मोजनळ्यांत प्रत्येकी १० ग्रॅम माती घाला. एका नळीत शुद्ध पाणी आणि दुसरीत रॉकेल १०० च्या खुणेपर्यंत भरा. ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि २४ तास ठेवून द्या. रॉकेल शिक्षकांनी स्वतः हाताळावे व जवळपास ज्योत नसावी. रॉकेल मातीच्या पापुद्र्यांत शिरत नाही, म्हणून तेथे माती फुगत नाही. दोन्ही नळ्यांतील मातीचे आकारमान वाचा. समजा पाण्यात ते १८ आणि रॉकेलमध्ये १० मिलिलिटर भरले, तर फुगवण ८० टक्के झाली. मंत्रालयाच्या मानकांनुसार ५० टक्क्यांहून अधिक फुगणारी चिकणमाती भरावात वापरायची नसते. हाच प्रयोग मुरुमावर आणि चुना मिसळून काही दिवस ओली ठेवलेल्या काळ्या मातीवर करून तुलना करा.

त्यानंतर बडनेरा, मूर्तिजापूर किंवा अकोला रेल्वे स्थानकावरच्या पिवळ्या फलकावर लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची विद्यार्थ्यांना टिपायला सांगा आणि उपग्रहाची मूळ, दुरुस्ती न केलेली उंची दाखवणारे ॲप मोबाइलवर असेल तर दोन्ही आकडे शेजारी ठेवा. साठ-सत्तर मीटरांचा फरक पाहून मुले चकित होतील. मग त्यांना सरांचा तो प्रश्न सांगा. उपग्रहाला खड्डा दिसत नाही. मोजनळीतली माती मात्र तो कोठे पडणार, हे रस्ता बांधण्याआधीच सांगू शकते.